दोन अंगणांची काच

काच म्हणा, आरसा म्हणा, खिडकी म्हणा. मित्रांनो, मी एके काळी तिन्ही होते. आता यातली एकही नाही. एका विद्यापीठाच्या कोठारात, मोडक्या बाकांच्या मागे, भिंतीला टेकून मी उभी आहे. अंगावर धुळीचा थर आहे आणि माझा एक कोपरा उडालेला आहे. कोणी बोट फिरवले तर रेघ उमटेल, पण इकडे बोट फिरवायला येतो कोण? तुम्ही आला आहात, तर बसा घडीभर. माझी हकिकत फार मोठी नाही.

माझा जन्म भट्टीतला. वाळू तापली, लाल झाली, वितळून पसरली आणि निवली, तेव्हा मी झाले. माझ्या बहिणी दुकानांत गेल्या, घरांच्या तावदानांत गेल्या, एक तर म्हणे मासे पोहतात त्या पेटीत गेली. मला मात्र मागे ठेवून घेतले आणि माझ्या अंगावर चांदीसारख्या धातूचा मुलामा दिला, अगदी विरळ, सकाळच्या धुक्याइतका. तेव्हापासून माझ्यात एक अजब गुण आला. माझ्या एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला अंधार असला, की उजेडातल्या माणसाला मी आरसा होते आणि अंधारातल्या माणसाला खिडकी. उजेडातला स्वतःला बघतो, अंधारातला त्याला बघतो. मात्र अंधाराच्या बाजूला कोणी दिवा लावला, की माझे सोंग तिथल्या तिथे गळून पडते.

गवतात गुंडाळून मला विद्यापीठात आणले आणि दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत बसवले. बसवून झाल्यावर सुतार अंधाऱ्या खोलीत जाऊन आला आणि गवंड्याला म्हणाला, "अरे, ही काच नव्हे, सासूबाई आहे. आपल्याला दिसत नाही, पण सगळं बघते."

"हळू बोल," गवंडी म्हणाला, "ऐकत असेल."

मी ऐकतच होते.

तो विभाग मनाच्या दुखण्यांचा होता. पाय मोडला तर दिसतो, ताप आला तर मोजता येतो. पण कोणाला झोप येत नाही, कोणाला उगाच भीती वाटते, कोणाचे रडणे थांबत नाही. अशा माणसांशी कसे बोलायचे, त्याहून महत्त्वाचे म्हणजे कसे ऐकायचे, हे तिथे शिकवीत. उजेडाच्या खोलीत शिक्षक आणि दुखणाईत माणूस बसत. अंधारखोलीत विद्यार्थी बसत आणि माझ्यातून बघत. छताला माईक होता; त्याचा आवाज अंधारखोलीतल्या स्पीकरमधून येई.

हे सारे उभे केले ते मोठ्या बाईंनी. अंगाने किरकोळ, पण आवाज असा की वर्गातला पंखासुद्धा हळू फिरे. त्यांचे नियम थोडे होते आणि त्यांत सूट नव्हती. पलीकडे कोण बसणार आहे, हे दुखणाइताला आधी सांगायचे. हवे तर अंधारखोली दाखवायची. आत बसल्यावर दिवा लावायचा नाही. माझ्यावर एक जाड पडदा होता. उजेडाच्या खोलीतल्या कोणीही तो ओढला, तर अंधारखोलीतल्यांनी त्याच क्षणी स्पीकरही बंद करायचा. बघायचे नाही म्हटले म्हणजे ऐकायचेही नाही. आणि आत बसून हसायचे नाही. एकदा एक विद्यार्थी म्हणाला, "पण बाई, त्यांना कुठे ऐकू जातं?"

"त्यांना जात नाही," मोठ्या बाई म्हणाल्या, "पण तुला हसायची सवय लागते."

दूरदूरच्या विद्यापीठांतून पाहुणे मला पाहायला येत. माझ्यासमोर उभे राहून केस सारखे करीत, मग अंधारखोलीत जाऊन "वा, वा" म्हणत. मी मनातून फुलून जाई. खोटे कशाला सांगू?

त्याच अंधारखोलीत मी धाकट्या बाईंना पहिल्यांदा पाहिले. त्या तेव्हा विद्यार्थिनी होत्या. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ आपल्या गेलेल्या भावाबद्दल सांगत होते आणि इकडे ही मुलगी तोंडावर ओढणी धरून रडत होती. मोठ्या बाईंनी नंतर तिला एवढेच विचारले की त्यांच्या रडण्याला जागा ठेवलीस ना, की सगळी तूच घेतलीस? तो प्रश्न तिने जन्मभर पुरवला.

पुढे ती शिकली, तिथेच शिकवू लागली आणि सगळे तिला धाकट्या बाई म्हणू लागले. पण तिची जागा हंगामी होती. दर वर्षी नेमणूक संपायची, दर वर्षी नवी मिळायची. मोठ्या बाई निवृत्त होऊन लेकाकडे गेल्या, त्यांची कायमची जागा रिकामी पडली, आणि ती भरायचे काम या ना त्या कारणाने लांबत राहिले. तोवर त्या जागेचे सगळे काम धाकट्या बाईच ओढत होत्या. मला पुसायचे कामही त्यांनी कोणाला दिले नाही. रोज सकाळी मऊ फडके घेऊन यायच्या आणि पुसता पुसता स्वतःशीच गुणगुणायच्या. ओवी त्यांचीच, पदरची:

काच माझी गं पातळ, तिला दोन गं अंगणं,
एका अंगणी उजेड, दुज्या अंगणी राखण.

मित्रांनो, मी नुसती काच; पण त्या दोन ओळींनी मला माझे काम समजले.

त्याच दिवसांत ती मुलगी येऊ लागली. आठ-नऊ वर्षांची, घट्ट वेणी, मोठे डोळे. तिला आणायचा तिचा मामा. मामा शिंपी होता. मोजमापाची फीत गळ्यात तशीच घालून यायचा आणि दारातूनच बोलत बोलत आत शिरायचा. मुलगी त्याच्याकडेच वाढत होती. घराबाहेर पाऊल टाकले की तिचा आवाज बंद. शाळेत एक शब्द नाही, दुकानात नाही, शेजारी नाही. शाळेतली मुले तिला मुकी म्हणायची.

"घरी बघायला या, बाई," मामा म्हणायचा. "घरी ही आमची वकीलबाई आहे. असं भांडते की माझं मशीन थांबतं. आणि बाहेर आली की वकिलाचं कोर्टच बंद."

धाकट्या बाईंनी तिला समोर बसवले नाही. दोन खुर्च्या शेजारी शेजारी, माझ्याकडे तोंड करून मांडल्या. मग त्या मुलीशी न बोलता माझ्यातल्या मुलीशी बोलायच्या. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघायची जिला धास्ती, तिला आरशातल्या बाईंकडे बघणे सोपे गेले. आठवड्यांमागून आठवडे गेले. आधी ती मान हलवू लागली. मग एकदा हसली. मग तिचे ओठ हलू लागले. आवाज नाही, नुसते ओठ. धाकट्या बाई घाई करीत नव्हत्या. बी पेरून ते रोज उकरून बघणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या.

आणि तेव्हाच कायमच्या जागेची मुलाखत ठरली. मी त्या विभागात होते म्हणून मला ठाऊक आहे, यावेळी गोष्ट निर्वाणीची होती. जागा भरली की हंगामी नेमणूक बंद. निवड झाली तर धाकट्या बाई कायमच्या राहणार. नाही झाली तर महिनाअखेर त्यांना जावे लागणार. आणि ती मुलगी अर्ध्या वाटेवर राहणार.

नुसत्या प्रश्नोत्तरांवर नेमणूक करायची नाही, उमेदवाराला माझ्यासमोर बसवून काम करताना बघायचे, ही मोठ्या बाईंनीच घालून दिलेली रीत होती. दुखणाइताची भूमिका एखादा विद्यार्थी करी. त्या दिवशी अंधारखोलीत निवड समिती बसली. विभागप्रमुख सर होते. तेही मोठ्या बाईंचेच विद्यार्थी, स्वभावाने भले, पण भांडण दिसले की रस्ता बदलणारे. बाहेरून आलेले एक नामांकित तज्ज्ञ होते. आणि विद्यापीठाच्या कचेरीतल्या एक अधिकारी बाई होत्या, त्यांना हा विषय नवा होता.

उमेदवार दोनच उरले होते. पहिले चष्मेवाले सर. माणूस साधा, घाबरलेला. माझ्यासमोर उभे राहून त्यांनी चष्मा किती वेळा पुसला असेल! त्यांच्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्याने मात्र दुःखाचा असा काही अभिनय केला, कपाळ बडवले, टेबलावर डोके ठेवले, की तज्ज्ञ कंटाळून म्हणाले, याला नाटकमंडळीत पाठवा. सगळे लांबत गेले. धाकट्या बाईंची पाळी यायला उशीर झाला, तेवढ्यात बाहेर मामाचा आवाज आला. मुलीचा ठरलेला दिवस होता तो. तिची वेळ मोडायची नाही म्हणून बाईंनी ती तशीच ठेवली होती. तोवर आपली मुलाखत आटपेल असा त्यांचा हिशेब होता.

तज्ज्ञांना ते कळले. ते म्हणाले की खरी मुलगी दारात आली असताना नाटक कशाला? धाकट्या बाई नको म्हणाल्या. विभागप्रमुख त्यांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "नाही म्हणालात तर अडून बसल्यासारखं दिसेल हो. तिच्या घरच्यांना विचारून तर बघा."

मामाला विचारले, तर तो आनंदाने तयार. "खुशाल बसू देत, बाई. आमच्या वकीलबाईने आज एक शब्द जरी काढला ना, तर तुमची नोकरी पक्की समजा." हे तो मुलीच्या देखत बोलला. त्याच्या मनात काही वाईट नव्हते; पण शब्द कुठे पडतो हे तो कधी बघत नसे.

मग बाईंनी मुलीला विचारले. तिला अंधारखोलीत नेले, कोण कुठे बसेल ते दाखवले. मुलगी एकेका खुर्चीवर बसून आली, तिने माझ्यातून पलीकडे बघितले. बाई म्हणाल्या, "ते तुला बघतील, तुला ते दिसणार नाहीत. इथे दिवा लागणार नाही. आणि तुला नको असेल तर आपण नाही करायचं."

मुलीने बराच विचार केला आणि मान डोलावली.

दोघी माझ्यासमोर बसल्या. बाई नेहमीसारख्या आरशातल्या मुलीशी बोलू लागल्या. सकाळी त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला होता, त्यामुळे मुलाखतीला पाय घासत चालत आल्या, असे काही सांगत होत्या. मुलगी हसली. तिचे ओठ हलले. गळ्याशी काहीतरी वर-खाली झाले. मी इतकी वर्षे माणसांचे गळे पाहिले आहेत. आवाज येण्याआधी गळा कसा दिसतो ते मला कळते. आवाज येत होता.

अंधारखोलीत तेव्हा तज्ज्ञ गुणपत्रिका डोळ्यांजवळ धरून म्हणत होते, "अहो, रकाना दिसत नाही, गुण द्यायचे कशात?" अधिकारी बाई म्हणाल्या की अंदाजे द्या, तसेही पोटात कावळे ओरडताहेत. त्यावर दोघे हसले, आणि हसता हसता तज्ज्ञांनी भिंत चाचपून दिवा लावला.

विभागप्रमुख "नको, नको" म्हणेपर्यंत मी आरसा राहिले नव्हते. जिथे मुलीला स्वतःचा चेहरा दिसत होता, तिथे तीन परके चेहरे उगवले. त्यांतले दोन हसत होते.

मुलगी ओरडली नाही. ती लहान लहान होत गेली, एवढेच. हात मांड्यांखाली गेले, मान छातीत गेली, आणि गळ्याशी आलेले सगळे परत खोल उतरले.

धाकट्या बाई उठल्या. समितीकडे त्यांनी नजरही टाकली नाही. त्यांनी पडदा धरला आणि माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून घेतला.

इकडे विभागप्रमुखांचा हात आपोआप स्पीकरच्या बटणावर गेला. त्यांनी तो बंद केला. तज्ज्ञ म्हणाले, "निदान ऐकू तरी द्या," तर ते म्हणाले, इथला तसा नियम आहे. बिचारे एरवी कुठल्याही नियमाला मुरड घालतील. पण हा मोठ्या बाईंचा होता.

त्यामुळे मित्रांनो, पडद्याआड पुढे जे झाले, ते फक्त मी ऐकले.

बाई परत तिच्याशेजारी येऊन बसल्याचे कळले. मग एक आवाज आला, वापरात नसलेल्या कडीसारखा करकरणारा. "ते का हसले?"

धाकट्या बाईंनी "अगं, तू बोललीस!" असे म्हटले नाही. टाळी वाजवली नाही. रोजच बोलणाऱ्या मुलीला द्यावे तसे त्यांनी उत्तर दिले. "मला माहीत नाही गं."

"मला हसले?"

"तुला नसावेत. पण मी तिकडे नव्हते, म्हणून नक्की नाही सांगत."

"तुम्ही म्हणालात दिवा लागणार नाही."

"हो, म्हणाले होते. आणि लागला. मी शब्द दिला आणि तो राहिला नाही. मला वाईट वाटतंय त्याचं."

"आता तुम्हाला नोकरी नाही देणार?"

"बहुतेक नाही."

"माझ्यामुळे?"

"नाही. पडदा मी ओढला. मला ओढायचा होता."

खुर्ची सरकली. मुलगी जवळ आली असावी. "मी बोलले ते मामाला सांगू नका. तो सगळ्या गल्लीत सांगेल."

बाई हसल्या, पण त्यांचा आवाज ओला होता. "नाही सांगत. कोणालाच नाही सांगत."

एवढ्या वर्षांनी मी तुम्हाला हे सांगते आहे, ते ती मुलगी कोण, कुठली, हे तुम्हाला कधी कळणार नाही म्हणूनच.

मुलीला मामाजवळ पोचवून धाकट्या बाई अंधारखोलीत आल्या. तज्ज्ञ उद्धट नव्हते. दिवा आपल्या हातून लागला, चूक झाली, असे ते म्हणाले. पण आम्ही जे पाहिलेच नाही त्याला गुण कसे द्यायचे, हेही म्हणाले. विभागप्रमुखांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांना बाईंना वाचवायचे होते. ते त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते.

"पडद्यामागे काय झालं ते तुम्ही नुसतं सांगा," ते म्हणाले. "ती काही बोलली का? बोलली असेल तर तेवढं पुरे आहे. तुमच्या शब्दावर आम्ही विश्वास ठेवू."

धाकट्या बाईंनी माझ्याकडे पाहिले. पलीकडून पडदा ओढलेला, खोलीत दिवा लागलेला. त्यांना माझ्यात त्यांचाच चेहरा अंधुक दिसत असणार. मी सारा जीव एकवटून वाट बघत होते. एका वाक्यात सगळे मिळणार होते. जागा, मुलगी, पुढची सगळी वर्षे.

"ते तिचं आहे, सर," त्या म्हणाल्या. "मला नाही सांगता यायचं."

"अहो, पण तिच्याच भल्यासाठी..."

"आज तिला दिलेला एक शब्द आपण मोडलाय. दुसरा नको."

विभागप्रमुखांनी मान खाली घातली. त्यांना कळले होते, काय झाले असेल ते. पण कळणे निराळे आणि कागदावर गुण मांडणे निराळे. चष्मेवाले सर निवडले गेले.

धाकट्या बाईंनी एकच गोष्ट मागून घेतली, मुलीचा निरोप घ्यायला एक भेट. ती मिळाली. त्यांनी मुलीला सरळ सांगितले की मी जाणार आहे, दुसरे सर येतील, ते चांगले आहेत. मुलगी त्या भेटीत एक शब्द बोलली नाही. आरशातल्या बाईंकडे नुसती बघत राहिली. मामासुद्धा त्या दिवशी गप्प होता. जाताना तो एवढेच म्हणाला की बाई, तुमच्या ब्लाऊजचं माप माझ्याकडे आहे, कुठे का असेना, कळवा, शिवून पाठवीन. मग फितीच्या टोकानेच डोळे टिपत बाहेर गेला.

चष्मेवाले सर वाईट नव्हते, हे मी पुन्हा सांगते. त्यांनी मुलीसाठी खेळणी आणली, खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि हसून म्हणाले, "बोल ना बाळा, इथे आपलीच माणसं आहेत." मुलगी खेळण्यांकडे बघत बसली. पुढच्या खेपेलाही तसेच. बाहेर मामा कोणाला तरी सांगत होता की घरीसुद्धा हल्ली भांडत नाही हो, मशीन सारखं चालू असतं, ऐकवत नाही. त्यानंतर ती दोघे आली नाहीत. ठरलेल्या वेळी सर थोडा वेळ दाराकडे बघत बसत. मग ती वेळ दुसऱ्या कोणाला दिली गेली.

काही वर्षांनी कॅमेरे आले. भिंतीत काच कशाला हवी? मला काढताना एकाचा हात सुटला आणि माझा कोपरा उडाला. धाकट्या बाई कुठल्याशा कंपनीत नोकरी मागायला आलेल्या लोकांच्या चाचण्या तपासतात, असे कोठारात सामान ठेवायला आलेली दोन माणसे बोलत होती. खरे-खोटे मला माहीत नाही. मुलीचे पुढे काय झाले, हेही मला माहीत नाही. तेच मला रात्रंदिवस खाते.

मित्रांनो, मला पुसा, कुठेतरी बसवा, असे मागणे मी मागणार नाही. जगात काचा पुष्कळ आहेत. मागणे दुसरेच आहे. तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत एखादे न बोलणारे मूल असेल. त्याला मुके म्हणून चिडवू नका आणि "बोल, बोल" म्हणून घेरूही नका. त्याचे शब्द हरवलेले नसतात. ते कोणापाशी ठेवावेत, याचा ते मूल विचार करत असते. आणि एखाद्या दिवशी ते तुमच्यापाशी बोललेच, तर कोणाला सांगायला धावत सुटू नका. त्याने जे विचारले असेल त्याचे खरे उत्तर द्या, आणि पुढचा प्रश्न येईपर्यंत तिथेच बसून राहा. धाकट्या बाईंना तेवढे करू दिले नाही. तुम्हाला कोणी अडवलेले नाही.